विश्लेषण : जपानमध्ये मुक्काम कुठे करावा? र्‍योकान, कॅप्सूल की मंदिर?

जपानच्या सहलीत मुक्कामाचे ठिकाण अनेक जण केवळ दर पाहून ठरवतात. मात्र तिथे निवासाचा प्रकार बदलला की दर मोजण्याची पद्धत, जेवण आणि नियमही बदलतात.

र्‍योकान महाग का वाटते?

र्‍योकान म्हणजे पारंपरिक जपानी निवासगृह. तातामी चटया, जमिनीवर अंथरलेली गादी आणि अनेक ठिकाणी गरम झऱ्याचे सामूहिक स्नानगृह. दर बहुधा माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व न्याहारी धरलेली असते. त्यामुळे हॉटेलच्या खोलीभाड्याशी थेट तुलना फसवी ठरते. जेवणाची वेळ ठरलेली असते, उशिरा पोहोचल्यास ते हुकू शकते. स्नानगृहात आधी अंग धुऊन, विवस्त्रच उतरावे लागते. टॅटू असल्यास अनेक ठिकाणी मज्जाव असतो. कुटुंबे चालवतात ते ‘मिनशुकू’ तुलनेने साधे आणि स्वस्त.

कमी खर्चात पर्याय कोणते?

स्थानकांजवळची बिझनेस हॉटेले. खोली लहान, पण स्नानगृह स्वतंत्र. जगातील पहिले कॅप्सूल हॉटेल वास्तुविशारद किशो कुरोकावा यांच्या आराखड्यानुसार १९७९ मध्ये ओसाकात सुरू झाले. एक माणूस झोपेल एवढीच जागा, सामान लॉकरमध्ये. स्त्री-पुरुषांची व्यवस्था बहुधा वेगळी, काही ठिकाणी फक्त पुरुषांनाच प्रवेश. एकट्याला एका रात्रीपुरते ठीक, कुटुंबाला गैरसोयीचे.

घर भाड्याने घेताना काय पाहावे?

२०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार अशा घरांना नोंदणी बंधनकारक असून वर्षात कमाल १८० दिवसच पाहुणे ठेवता येतात. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का, हे आधी तपासावे.

शाकाहारींचे काय?

भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क, म्हणजे ‘दाशी’, असू शकतो. त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरेसे नाही. र्‍योकानला आरक्षणावेळीच स्पष्ट कळवावे. कोयासान पर्वतावरील सुमारे ५० मंदिरांत मुक्कामाची सोय आहे. तिथे मांस-मासे वर्ज्य असलेले ‘शोजिन र्‍योरी’ जेवण मिळते आणि पहाटेच्या प्रार्थनेलाही बसता येते.

मग निवड कशी करावी?

सोबत कोण आहे, यावरून. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना जमिनीवरून उठबस जड जाते, त्यांच्यासाठी पलंगाची खोली मागावी. शहरात बिझनेस हॉटेल आणि झऱ्यांच्या गावी एक रात्र र्‍योकान, हा मेळ बहुतेकांच्या खिशाला झेपणारा आहे. र्‍योकानच्या दिवशी मात्र दुपारीच पोहोचावे. नुसते झोपायला गेल्यास पैसे वाया गेलेच म्हणून समजा.