खुंटी तीच, भिंत निराळी

सांगलीच्या पेठेतील एका धान्यव्यापाऱ्याच्या वाड्यात अण्णांची काळी सायकल तीस वर्षे ओसरीच्या सागवानी खांबाला टांगलेली असे. उधारीच्या वसुलीसाठी त्यांनी तिच्यावरून तालुका पालथा घातला होता. पुढे पाय थकले, तरी ती मोडीत काढण्याचा विषय घरात कोणी काढीत नसे. कुटुंब नव्या सदनिकेत राहावयास आले तेव्हा तेच लोखंडी आकडे आणि तेच लांब स्क्रू वापरून धाकट्या चिरंजीवांनी सायकल बैठकीच्या भिंतीवर चढविली. अकराव्या रात्री ती खाली आली. गिलाव्याचा ढपला, दोन गिट्ट्या आणि वीस किलो लोखंड जिथे कोसळले, तिथेच दिवसा नात अभ्यासाला बसत असे.

आकडे वाकले नव्हते, स्क्रूही शाबूत होते. चूक झाली ती भिंत न ओळखण्याची. सागाचे तंतू स्क्रूच्या आट्यांना घट्ट धरून ठेवतात. नव्या इमारतींतील पुष्कळशा भिंती मात्र एएसी ब्लॉकच्या असतात. सिमेंट, चुना आणि राखेच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालून ते फुगवितात, त्यामुळे त्यांत असंख्य हवेचे कप्पे राहतात. मातीच्या विटेच्या मानाने त्यांचे वजन सुमारे एक-तृतीयांश भरते. घराला हा हलकेपणा उपकारक असला, तरी साध्या गिट्टीला त्यात पकड मिळत नाही.

भिंत ओळखण्यास इंजिनिअरच हवा असे नाही. ड्रिलमधून गळणारी भुकटीच बोलते. लाल भुकटी म्हणजे वीट. करडी आणि ड्रिल कष्टाने आत शिरत असेल तर काँक्रीट. पांढरट-करडी असून ड्रिल लोण्यात शिरावे तसे शिरले तर एएसी ब्लॉक. पहिले एक-दीड सेंटिमीटर गिलाव्याचेच असतात, म्हणून निर्णय त्यापुढच्या भुकटीवरून करावा. काँक्रीटमध्ये ड्रिल अचानक अडले तर आत सळई आहे असे समजून जागा बदलावी. जुन्या वाड्यांच्या मातीकामातील भिंतींवर असा भार टाकूच नये. तिथे खांब किंवा तुळईच बरी.

आता वजनाचा हिशेब. दुकानात काटा असतोच. सायकल आधी त्यावर ठेवावी. परंतु काट्यावरचा आकडा हा खरा भार नव्हे. सायकल भिंतीला समांतर टांगली तरी हँडलच्या रुंदीमुळे तिचा मध्य भिंतीपासून सुमारे 30 सेंटिमीटर पुढे राहतो. आकड्याच्या पट्टीवरील वरचा स्क्रू खालच्या टोकापासून 15 सेंटिमीटरवर असेल, तर 20 किलोची सायकल त्या स्क्रूला सुमारे 40 किलोच्या जोराने बाहेर ओढते. पट्टी जितकी आखूड, तितकी ही ओढ अधिक. बाजारातून आकडा आणताना लोखंडाची जाडी सर्वजण पाहतात, पट्टीची उंची क्वचितच कोणी मोजतो.

विटेच्या भिंतीत भोक विटेच्या मध्याजवळ पाडावे, सांध्यात नव्हे. आतली भुकटी फुंकून काढल्याविना गिट्टी ठोकू नये. एएसी ब्लॉकमध्ये ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा, कारण त्याच्या ठोक्यांनी भोक मोठे होते. गिट्टी त्याच भिंतीसाठी बनविलेली, लांब घ्यावी. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे जाड प्लायची हातभर लांबीची उभी पट्टी सहा-आठ ठिकाणी भिंतीला कसून घेणे आणि आकडा त्या पट्टीवर बसविणे. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत मात्र ड्रिल लावू नये; वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. स्नानगृहाच्या भिंतीतील नळांचेही तसेच.

जागेचा विचार मजबुतीइतकाच महत्त्वाचा. पलंग, पाळणा वा अभ्यासाच्या जागेवर सायकल कितीही पक्की बसली तरी नकोच. रात्री वृद्ध ज्या वाटेने उठून जातात, तिथे हँडल वा पायडल डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नये. जिन्यातील सामायिक भिंत ही आगीच्या वेळी सुटकेची वाट असते, हे सोसायटीने सांगण्याची वाट पाहू नये. विजेवर चालणारी सायकल असेल तर बॅटरी आधी काढून घ्यावी. तेलाच्या ब्रेकची सायकल चाकावर उभी टांगली असेल, तर उतरविल्यावर ब्रेक चार-सहा वेळा दाबून पाहिल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये.

अण्णांच्या घरी दुसऱ्या खेपेस दाराशेजारच्या कोपऱ्यात, चपलांच्या कपाटावर प्लायची पट्टी बसली. सायकल टांगण्याआधी 40 किलो तांदूळ भरलेले पोते, सायकलचा मध्य येतो तितक्याच अंतरावर, जमिनीपासून वीतभर वर रात्रभर लटकत ठेवले. कपाट तेवढ्यापुरते बाजूला सरकविले होते. पट्टीच्या कडेने पेन्सिलची बारीक रेघ ओढली होती. सकाळी चिरंजीव पोते उतरवू लागले, तेव्हा अण्णांनी त्यांना थांबवून चष्मा लावला आणि रेघ वरपासून खालपर्यंत स्वतः पाहिली.