कर्नलमध्ये परभणी नाही

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच परत जायला. आपल्या धंद्यात या परभणीला युझर स्पेस म्हणतात :-) तिथे तुमचा प्रोग्राम मेला तर तेवढाच मरतो. ऑपरेटिंग सिस्टम मागची आवराआवर करते, तुम्ही तो परत चालू करता. कर्नलमध्ये मात्र परत जायला परभणी नाही. एक पॉइंटर चुकला की अख्खं मशीन बसलं!

म्हणूनच कर्नलच्या आतून नेटवर्कवर पॅकेट टाकणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत जरा कडक आहे. ही परवानगी फार थोड्यांना असावी.

आधी सरळ रस्ता बघू. परभणी स्टेशनवर पार्सल बुक केलं की वजन होतं, पावती मिळते, नोंद होते. ब्राउझरचं पॅकेटही असंच जातं. सॉकेट, टीसीपी, आयपी, मग फायरवॉल, आणि शेवटी नेटवर्क कार्डाची रांग. आता समजा, पूर्णा जंक्शनच्या यार्डाची किल्ली असलेल्या कुणीतरी रात्री गाडीला आणखी एक डबा जोडला. पावती नाही, नोंद नाही. रुळावर मात्र तो डबा इतरांसारखाच दिसणार. लिनक्समध्ये कर्नल मॉड्यूल स्वतः पॅकेट बांधून ते थेट कार्डाच्या रांगेत ढकलू शकतो. आयपीटेबल्सच्या नियमांना ते पॅकेट भेटतच नाही, आणि नेटस्टॅटमध्ये त्याच्यापुढे कुठल्या प्रोग्रामचं नावही येत नाही.

याचे चांगले उपयोग आहेत, हे कबूल. आयपीटेबल्स एखादं कनेक्शन नाकारताना समोरच्याला 'रीसेट' पाठवतं, ते पॅकेट कर्नलच तयार करतो. नेटकॉन्सोल तर कर्नल शेवटच्या घटका मोजत असताना त्याचे शब्द यूडीपीवरून दुसऱ्या मशीनला कळवतं. विंडोजवर अँटिव्हायरसवाले पॅकेट अडवतात, तपासतात आणि परत आत सोडतात. त्यात गंमत अशी की परत सोडलेलं पॅकेट पुन्हा त्याच ड्रायव्हरपुढे येऊ शकतं. ओळखलं नाही तर तपासणी संपतच नाही. म्हणून 'हे पॅकेट मीच टाकलंय का?' असं विचारायला मायक्रोसॉफ्टने वेगळं फंक्शनच दिलंय.

मग नुसती बंदी घातली तर? तोही प्रयोग झालाय. २००१ मध्ये स्टीव्ह गिब्सन यांनी विंडोज एक्सपीतल्या रॉ सॉकेट्सविरुद्ध बराच आरडाओरडा केला. खोट्या पत्त्याची पॅकेट्स पाठवणं सोपं होईल, ही त्यांची भीती. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने रॉ सॉकेटवरून टीसीपी डेटा पाठवणं बंद केलं. मग एनमॅपसारख्या टूलने काय केलं? विनपीकॅपच्या ड्रायव्हरमार्फत थेट इथरनेट फ्रेम टाकायला सुरुवात केली. पुढचं दार बंद झालं आणि लोक कर्नलच्या परसदारातून आत शिरले.

म्हणजे खरा प्रश्न 'करता येतं का' हा नाही, 'ते काम कुठे बसून करायचं' हा आहे. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे त्यांचा कर्नल ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. तो दोष पॅकेट टाकण्यातला नव्हता, पण जागा तीच. कितीतरी मशीनजवळ माणसाने स्वतः जाऊन, सेफ मोडमध्ये फाइल पुसावी लागली. आपल्या ऑफिसात त्यासाठी आयटीवाले असतात. जिंतूर किंवा गंगाखेडच्या सेवा केंद्रातल्या एकुलत्या एका पीसीचं असं झालं तर? जुलै म्हणजे खरीप पीकविम्याच्या अर्जांचा महिना. बाहेर शेतकऱ्यांची रांग, मुदत डोक्यावर आणि स्क्रीन निळी!

'पण स्पीडचं काय?' असं कुणीतरी म्हणेलच. लाखो पॅकेट्स हाताळणाऱ्या राउटरसाठी तो मुद्दा रास्त आहे, आणि तिथे आता ईबीपीएफ आहे. तुमचा कोड कर्नलमध्ये चढण्याआधी व्हेरिफायर तो तपासतो, न पटल्यास घेतच नाही. एक्सडीपीने तर आलेलं पॅकेट बदलून तिथूनच परत पाठवता येतं. ॲपलने २०१९ पासून नेटवर्क फिल्टर युझर स्पेसमध्ये लिहायची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवण्याची दिशा जाहीर केली. उशिरा का होईना, शहाणपण आलं म्हणायचं.

तेव्हा उद्या कुणी डिझाइन रिव्ह्यूमध्ये 'हे कर्नलमध्येच टाकू, फास्ट होईल' म्हणालं, तर दोनच गोष्टी विचारा. हे पॅकेट कोणी टाकलं, ते नंतर कळणार का? आणि तुझा कोड चुकला, तर परत जायला परभणी कुठे आहे?