युक्ती आणि विद्या

दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा बाजार, पाळणे आणि पाहुण्यांची वर्दळ. रात्री दंडार किंवा नाटक. अशाच एका मंडईच्या दुपारी, नवेगाव बांध येथे, अंगणात जमलेल्या मुलांना मी नाण्याचा एक लहानसा खेळ करून दाखविला. उजव्या हातातील रुपया डाव्या हातात ठेवला, मूठ मिटली, तीवर फुंकर घातली आणि मूठ उघडली, तो रुपया नाहीसा! मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि ती पाळण्यांकडे पळाली. एक मुलगा मात्र उंबरठ्यापाशी घोटाळत उभा राहिला. बऱ्याच वेळाने धीर करून तो म्हणाला, "गुरुजी, मले बी शिकवा ना जी!"

हातचलाखीचा एखादा तरी खेळ ज्याला येतो, त्याला ही विनंती कधी ना कधी ऐकावी लागतेच. तिला उत्तर काय द्यावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. मला तो तसा वाटत नाही.

या विनंतीला दोन उत्तरे सर्रास दिली जातात. पहिले नकाराचे. "ही गुप्त विद्या आहे, ती कोणालाही सांगता येत नाही," असे म्हणून खेळ करणारा गूढपणे हसतो. त्याचा मान क्षणभर वाढतो खरा. परंतु विचारणारा मुलगा मनात काय घेऊन परततो? या मनुष्यापाशी आपल्यापाशी नसलेली कसली तरी शक्ती आहे, ही समजूत घेऊन. दुसरे उत्तर उदारपणाचे. विचारताक्षणी सारे रहस्य उलगडून दाखवायचे. पूर्वी मी हेच करीत असे, आणि प्रत्येक वेळी एकच अनुभव येई. मुलाच्या डोळ्यांतील तेज पाहता पाहता मावळे आणि तो म्हणे, "हात्तिच्या, एवढंच!" रुपया डाव्या हातात गेलाच नव्हता, तो उजव्याच हातात राहिला होता, रहस्य म्हणावे ते एवढेच. ते कळल्याने मुलाला खेळ तर येत नाही, आणि पाहण्यातील आनंद मात्र कायमचा जातो. देणाऱ्याने दिले आणि घेणाऱ्याचे नुकसान झाले, असा हा विचित्र व्यवहार आहे.

म्हणून आता मी त्या मुलालाच उलट प्रश्न विचारतो. "हे कसे झाले, ते तुला हवे आहे, की हे तुला करता यावे असे वाटते?" पुष्कळांना पहिलेच हवे असते, आणि त्यात वावगे काही नाही. कुतूहल हा काही अपराध नव्हे. अशा मुलाला मी म्हणतो, "मी पुन्हा एकदा करतो, तू पाहा आणि शोध." स्वतः शोधलेले रहस्य क्षुद्र वाटत नाही. आमच्या मुलाने मात्र दुसरे उत्तर दिले. त्याला खेळ करता यायला हवा होता.

तेव्हा मी त्याला रुपया दिला आणि तो तळहातात धरावयास सांगितले. अंगठ्याच्या मुळाशी मांसल उंचवटा असतो. तो आणि तळहाताची समोरची कड यांच्या चिमटीत नाणे अडकवायचे, आणि बोटे मोकळी ठेवायची. ऐकावयास हे सोपे आहे. करून पाहा! पहिल्या दिवशी नाणे दहादा खाली पडते. ते पडू नये म्हणून हात आवळला, तर बोटे पक्ष्याच्या नखांसारखी वाकतात आणि पाहणाऱ्याला तत्काळ संशय येतो. नाणे हातात असताना दार उघडता आले पाहिजे, पेला उचलता आला पाहिजे, कोणी हाक मारली तर सहज मान वळवून ओ देता आली पाहिजे. यासाठी काही आठवडे लागतात. आरशासारखा कठोर गुरू या कामी दुसरा नाही.

'नजरबंदी' या आपल्या जुन्या शब्दाविषयी येथे थोडे सांगावेसे वाटते. गारुडी पाहणाऱ्यांची नजर मंत्राने बांधतो, असे लोक समजतात. वास्तविक बांधावी लागते ती स्वतःची नजर. नाणे उजव्या हातात असताना माझे डोळे रिकाम्या डाव्या मुठीकडे लागलेले असावे लागतात. कारण मनुष्य जेथे पाहतो, तेथे इतरही पाहतात. उजव्या हाताकडे एक चोरटा कटाक्ष गेला, की खेळ संपला. नाणे लपविण्यापेक्षा डोळे आवरणे कितीतरी अधिक कठीण आहे.

यावर कोणी म्हणेल, की अशी रहस्ये पसरू लागली, तर जादूची कलाच नष्ट होईल. इतिहास तसे सांगत नाही. १८७६ मध्ये इंग्लंडात अँजेलो लुईस या वकिलाने 'प्रोफेसर हॉफमन' हे नाव घेऊन 'मॉडर्न मॅजिक' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि व्यावसायिक जादूगारांच्या युक्त्या तपशीलवार छापल्या. तरीही जादूचे प्रयोग बंद पडले नाहीत. उलट त्या ग्रंथावरून कित्येक जण ही कला शिकले. आपल्याकडे पुण्याचे जादूगार रघुवीर यांनी देशविदेशांत हजारो प्रयोग केले. १९८४ मध्ये ते वारले. परंतु त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी ती कला पुढे चालविली. युक्ती ठाऊक असणारे लोक पुष्कळ असतात. रंगमंचावर उभे राहून हजार लोकांना दोन घटका खिळवून ठेवणारे थोडे.

तथापि, एक मर्यादा मी कसोशीने पाळतो. बाजारात मदारी वाट्या आणि गोळ्यांचा खेळ करीत असेल, तर त्याचे रहस्य मला ठाऊक असले तरी त्याच्या घोळक्यात उभे राहून ते मी सांगणार नाही, आणि माझ्याकडून शिकलेल्या मुलानेही सांगू नये, अशी माझी अट असते. त्याच्या पोतडीवर त्याचे पोट आहे. आपली हुशारी मिरविण्यासाठी दुसऱ्याच्या भाकरीवर हात टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे वळतो, आणि त्यासाठी आमच्या गावचा तलावच पुरेसा आहे. नवेगावचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुमारास बांधविला, असे मानतात. कोहळी लोक तलाव बांधण्यात निष्णात म्हणून प्रसिद्ध; या भागात भाताला आणि उसाला पाणी मिळाले, ते त्यांच्या या कौशल्यामुळे. पाणी कोठून वाहत येते, पाळ कोठे घालावी, माती कशी चोपावी, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येत गेले. परंतु लोककथा निराळेच सांगते. पाळ पुरी होईना, तेव्हा भोवतीच्या 'सात बहिणी' नावाच्या डोंगरांतील देवतांनी ती पुरी करून दिली, असे म्हणतात; पुढे कोलू पाटलांचाही कोलासुर देव झाला. कथा सुंदर आहे आणि ती मोडण्याची मला मुळीच इच्छा नाही. तरीही, पाळीवरून चालताना वाटते, की येथे मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसांचे श्रम त्या कथेत कोठे दिसत नाहीत. कौशल्य समजेनासे झाले, की माणूस त्याला चमत्कार म्हणू लागतो.

तलावाच्या बाबतीत या समजुतीने कोणाचे वाईट झाले नाही. सर्वत्र असे घडत नाही. एखाद्याचे मूल आजारी पडते, कोणाचे जनावर मरते, आणि गावातील एखाद्या एकट्या वृद्धेने जादूटोणा केला असे लोक ठरवितात. मग तिला मारहाण होते, कधी गाव सोडावे लागते. तिच्या नावावर बोट ठेवणारा मांत्रिक बहुधा आधी आपली 'शक्ती' सिद्ध करून दाखवितो, आणि ती सिद्ध होते हातचलाखीने किंवा साध्या रसायनाने. हळद लावून वाळविलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीने काढलेली आकृती लाल उमटते, हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या आकृतीला भूत समजून भितो. येथे रहस्य झाकून ठेवणे हा कलेचा मान नव्हे; तो अन्यायाला हातभार आहे.

ही जाण फार जुनी आहे. इंग्लंडात चेटकिणी म्हणून स्त्रियांचा छळ होत असता रेजिनल्ड स्कॉट याने १५८४ मध्ये चेटूकविद्येचा भ्रम उघड करणारे एक पुस्तक लिहिले, आणि त्यात नाणी, गोळ्या व पत्ते यांच्या हातचलाखीचे प्रकार समजावून दिले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवीत आणि लगेच त्यामागील कारणही सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली; त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे, लोकांना फसविणे, दहशत बसविणे हा या कायद्याने गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

म्हणून मदाऱ्याचे रहस्य राखावे आणि मांत्रिकाचे उघडे करावे, असे माझे मत आहे. युक्ती दोघांची एकच असू शकेल. परंतु मदारी 'हा खेळ आहे' असे मानून पैसा मागतो, आणि मांत्रिक 'ही शक्ती आहे' असे सांगून. शिकू पाहणाऱ्या मुलाकडून मी रुपया हातात देण्यापूर्वी हेच कबूल करून घेतो: कोणी खरोखरीच तुला दैवी शक्ती आहे असे समजू लागला, तर त्या क्षणी तू त्याला खरे सांगावयाचे, मग खेळ फसला तरी चालेल.

त्या मुलानेही हे कबूल केले आणि रुपया घेऊन तो गेला. मधले काही महिने तो फिरकला नाही. मला वाटले, कंटाळला असेल. होळीच्या सुमारास तो आला. हात बराच मोकळा झाला होता. मात्र डोळे अजून चोरून उजवीकडे वळत होते.

"कोणाला दाखविलास?" मी विचारले.

"आजीले दाखवला जी. तिनं हात जोडले."

"मग?"

"मंग मी दुसरा हात उघडून दाखवला. तिनं रुपया पाहला, हासली, न म्हणे, आन इकडं!"

रुपया माझा होता. तो अजूनही त्या आजीच्या बटव्यात आहे.