लेव्हल मागवताना प्रश्न लिहा

वर्षभर एकही झटका न आलेल्या रुग्णाची फेनिटॉइनची लेव्हल 8 येते, रिपोर्टवर 'कमी' असे छापलेले असते आणि डोस वाढवला जातो. दुसऱ्याची 18 येते. चालताना तोल जातो, डोळे थरथरतात, पण आकडा 10 ते 20 मध्ये बसतो म्हणून डोस तसाच राहतो. दोन्हीकडे आपण रुग्ण सोडून कागदावर उपचार केलेले असतात.

फेनिटॉइनमध्ये ही चूक फार महागात पडते. नेहमीच्या डोसलाच यकृतातील विकरांची क्षमता संपत येते. म्हणून 300 मिलिग्रॅमचे 400 केले, तर लेव्हल दुपटीहून वर जाऊ शकते. शिवाय सुमारे 90 टक्के औषध अल्ब्युमिनला बांधलेले असते, लॅब एकूण मोजते आणि परिणाम मात्र मुक्त भागाचा होतो. अल्ब्युमिन 2 असेल तर तीच 8 ची लेव्हल शाइनर-टोझर सूत्राने 16 ठरते.

मग लेव्हल करायची कधी? गोळ्या चुकत असल्याची शंका आली, विषबाधेची लक्षणे दिसली, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडले तेव्हा. क्षयाचे उपचार सुरू झाले तेव्हाही. आयसोनियाझिड फेनिटॉइनचा निचरा रोखते, रिफॅम्पिसिन तो वाढवते, आणि दोन्ही एकत्र असताना अंदाज चालत नाही. लॅमोट्रिजीन घेणाऱ्या स्त्रीची लेव्हल गर्भधारणेपूर्वीच नोंदवून ठेवावी. गरोदरपणात ती बहुधा घसरते. प्रसूतीनंतर काही दिवसांतच वर चढते, म्हणून वाढवलेला डोस वेळेवर उतरवावा लागतो. व्हॅल्प्रोएटवरील रुग्णाला मेरोपेनेम दिले, तर एक-दोन दिवसांत लेव्हल कोसळते. डोस वाढवून ती सावरत नाही, प्रतिजैविकच बदलावे लागते.

नमुना सकाळच्या गोळीआधी घ्यावा. डोस बदलल्यावर पाच अर्धायुष्ये थांबावे. फिनोबार्बिटोनसाठी म्हणजे दोन-तीन आठवडे. विषबाधेचा संशय असेल, तर मात्र त्याच क्षणी रक्त घ्यावे.

आमची विनंती एवढीच आहे: लॅबच्या फॉर्मवर शेवटच्या डोसची वेळ, सोबतची औषधे आणि आपला प्रश्न लिहा. प्रश्नच नसेल तर तपासणी टाळा, कारण तिचा खर्च बहुतेकदा रुग्णाच्या खिशातून जातो. आणि झटके थांबलेले, त्रास काहीच नाही, अशा रुग्णाला त्याचा डोस बरोबर आहे हे निःशंकपणे सांगा.