पोटातल्या पोराची शिदोरी कुणी चोरली?

दोस्तांनो, माझी बहीण सातव्या महिन्यात होती. चार घरची धुणीभांडी चालूच. सूतिकागृहात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.८. डॉक्टरीणबाई खेकसल्या, "नीट खात का नाही? पोराची काळजी आहे की नाही?" बहीण मान खाली घालून उभी. मी बाहेर बाकड्यावर मोर्चाचं हँडबिल लिहीत बसलेलो.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं की रक्तक्षय. सातच्या खाली गंभीर, तिथं नुसत्या गोळीवर भागत नाही. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या गरोदर बायांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त बाया निष्काळजी? वा रे हिशेब!

पोटातलं पोर आईच्या रक्तातलं लोह वारेतून ओढून घेतं. सगळ्यात जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांची शिदोरी तेव्हाच बांधली जाते. आईच रिकामी तर शिदोरी तोकडी. पोर दिवस भरायच्या आत येण्याचा, अडीच किलोच्या आत भरण्याचा धोका वाढतो. मेंदूची घडणही लोहाशिवाय नीट होत नाही. मग शाळेत मास्तर म्हणायला मोकळे, "ह्यांची डोकीच चालत नाहीत." मास्तर, डोकं चांगलंच होतं. उपाशी ठेवलं होतं, जन्माच्या आधीपासून.

अख्ख्या गरोदरपणाला लोह लागतं किती? साधारण एक ग्रॅम. ह्या शहरात लोखंडाचे पूल उभे राहतात, आणि एका बाईला एक ग्रॅम मिळत नाही!

पालेभाजी खा म्हणतात. खावी. पण मटणातलं लोह अंगी लागतं तसं भाजीतलं लागत नाही. आमच्या वस्तीत स्वस्तात मिळायचं ते मोठ्याचं. २०१५ साली राज्यात बैल कापायला बंदी आली. गाईच्या पोटाची काळजी झाली, बाईच्या पोटाचं काय?

बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. माझ्या बहिणीचा आजही एक खाडा झाला की पैसे कापतात.

सरकारला शिव्या घालू, घातल्याच पाहिजेत. पण गड्यांनो, सरकार आपल्या चुलीपाशी बसत नाही. तिथं आपण बसतो. आधी बाप, मग आपण, मग पोरं. पोटुशी बाई शेवटी, उरलं तर. लाल गोळ्या फुकट मिळतात, १८० दिवसांच्या. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बाया घाबरून फडताळात टाकतात. काळं होणं हे गोळीमुळं, घाबरायचं नाही, एवढं सांगायला क्रांती लागत नाही. गोळी चहाबरोबर नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर चालते. हे मला तरी कुठं ठाऊक होतं? मला चे गव्हेराची जन्मतारीख पाठ होती.

बहिणीला पोरगी झाली. एकोणीसशे ग्रॅम. जगली.

परवा बैठकीहून रात्री अकराला घरी आलो. आई नि बहीण जेवायच्या थांबलेल्या. आईनं मटणाची वाटी माझ्यापुढं सरकवली. डेचकीत बघितलं. नुसता रस्सा होता.