जुन्या ट्रकांतील नियंत्रक पेटी : ती बदलावी केव्हां आणि कोणीं ?

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील रस्त्यांवर उसाच्या वाहनांची रीघ लागते. घोड व भीमा या नद्यांच्या कांठचा ऊस कारखान्यांकडे व गुऱ्हाळांकडे जावयाचा, तो बैलगाडीनें, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनें किंवा ट्रकनें जातो. तोडलेला ऊस शक्य तों चोवीस तासांचे आंत चरकांत पडावा हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पडून राहिलेला ऊस वजनांतही घटतो आणि उताऱ्यांतही. अशा वेळीं न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालेला भरला ट्रक वाटेंत बंद पडला, तर नुकसान एकट्या ट्रकमालकाचें होत नाहीं. ज्याचा ऊस आंत आहे त्याचें, तोडणीच्या टोळीचें, आणि फडांत वाट पाहत बसलेल्या पुढच्या शेतकऱ्याचेंही होतें. म्हणून हा विषय केवळ मेस्त्रीचा आहे असें समजून शेतकऱ्यांनीं तो सोडून देऊं नये, असें आम्हांस वाटतें.

पूर्वींच्या ट्रकांत डिझेल केव्हां व किती सोडावयाचें हें पंपांतील यंत्ररचनाच ठरवीत असे. पंप बिघडला तर तो उतरवून तालुक्याच्या गांवीं दुरुस्त होई. धुराविषयींचे नियम कडक होत गेले तसतशी ही व्यवस्था मागें पडली. पुणें व सोलापूर हीं शहरें २०१० सालींच भारत स्टेज चारच्या नियमाखालीं आलीं. १ एप्रिल २०१७ पासून तो नियम सर्व देशास लागू झाला, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आला. या नियमांत बसणाऱ्या इंजिनांचा कारभार एका बंद पेटीकडे गेला. तिला आपले मेस्त्री ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. इंजिनाचा वेग, पाण्याची उष्णता, डिझेलचा दाब, पायाखालील पेडलची स्थिति हें सर्व सेन्सरांकडून ऐकून ही पेटी प्रत्येक नोझलास क्षणाक्षणाला हुकूम देते. या पद्धतीनें डिझेल वांचतें व धूर कमी होतो, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. शहरांतील वाहतूकदारांनीं वापरून सोडलेले असे ट्रक आतां आमच्या भागांत येऊं लागले आहेत. त्यांची हमीची मुदत संपलेली असते, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराचा अनुभव येथें सांगण्याजोगा आहे. त्यांचा ट्रक सेल मारतांना कधीं उठे, कधीं उठत नसे. चालतां चालतां तांबडा दिवा लागून जोर जाई. एका कारखानदारी वर्कशॉपांत त्यांस सांगण्यांत आलें कीं, पेटी गेली, नवी घालावी लागेल. ती येण्यास तीन आठवडे लागले, आणि तिला एका चांगल्या बैलाची किंमत पडली. पेटी बसली, चौथ्या दिवशीं ट्रक पुन्हां पहिल्यासारखाच बंद पडला. शेवटीं पाटसच्या बाजूच्या एका वृद्ध वायरमननें इंजिनापासून चासीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी सोडून पाहिली, तों ती बोल्टाखालीं गंजून अर्धी तुटलेली निघाली. ती बदलतांच ट्रक सुरळीत झाला. जुनी पेटी मुळांत निर्दोषच होती. पण ती परत मागून घ्यावी हें कोणाच्या लक्षांत राहिलें नव्हतें.

यावरून पहिला बोध असा कीं, पेटी ही शेवटीं संशय घ्यावयाची वस्तु आहे. तिच्या आधीं बॅटऱ्या, फ्यूज, रिले, अर्थिंग व कपलर यांची तपासणी झालीच पाहिजे. सेल मारीत असतांना बॅटरीचा ऋण खांब व इंजिनाचें अंग यांमध्यें मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा दिसल्यास अर्थिंग सदोष समजावें. बहुतेक सेन्सरांस पेटीकडून ५ व्होल्टचा पुरवठा होतो. एखादा सेन्सर किंवा त्याची तार आंतल्या आंत चिकटली, तर तो पुरवठा बसतो व एकदम चारपांच सेन्सर बिघडल्याचा निर्देश स्कॅनरवर येतो. अशा वेळीं एकेक सेन्सरचा कपलर काढून पुरवठा परत येतो कीं काय तें पाहावें. खळ्यांत उभ्या राहिलेल्या ट्रकच्या तारा उंदीर कुरतडतात, हेंही विसरूं नये. पेटीच्या कपलरांत योग्य वीज पोंचते, अर्थिंग शाबूत आहे, तारा अखंड आहेत, आणि तरीही पेटी स्कॅनरशीं बोलत नाहीं किंवा नोझलास हुकूम देत नाहीं, असें ठरल्यावरच तिला दोष द्यावा.

दुसरा बोध असा कीं, पेटी मरते ती पुष्कळदां आपल्याच हातानें. हंगामाच्या तोंडीं ट्रकच्या हौद्यास व चासीस वेल्डिंग करण्याची आपल्याकडे घाई असते. बॅटरीच्या तारा व पेटीचे कपलर न काढतां वेल्डिंग केल्यास तो प्रवाह पेटींत शिरून आंतील नाजूक भाग जाळूं शकतो. जोराच्या पाण्यानें इंजिन धुणें, दुसऱ्या वाहनाची बॅटरी उलटी जोडणें, चालू इंजिनावर बॅटरी सोडणें, हींही तशींच घातक कृत्यें होत. पांच मिनिटें वांचविण्यासाठीं सबंध हंगाम धोक्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे.

आतां, पेटी खरोखरच गेली असेल तर काय करावें ? येथें नुसतें खोलणें व बसविणें एवढ्यानें भागत नाहीं. पेटीवरील क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. आंतील आज्ञावली त्याच इंजिनाची पाहिजे. प्रत्येक नोझलाच्या डोक्यावर जो संकेतांक कोरलेला असतो, तो ज्या इंजिनांत लागतो तेथें नव्या पेटींत भरावा लागतो. आणि चावीस चोरीप्रतिबंधक कुलूप असल्यास पेटीची व त्याची ओळख करून द्यावी लागते. भंगारांतून आणलेली पेटी स्वस्त पडते, परंतु हें जुळविल्याशिवाय ती निरुपयोगी होय. पाण्यानें गंजलेली किंवा टांका सुटलेली पेटी कित्येकदां दुरुस्त होते, व तसें करणारे कुशल कारागीर शहरांत आहेत. जुनी पेटी अगदींच मुकी झाली नसेल, तर ती काढण्यापूर्वीं तिच्यांतील माहिती उतरवून घ्यावी.

ही जुळवणी करण्याची किल्ली मात्र बहुधा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपाकडेच असते, आणि आमची तक्रार आहे ती येथें. ज्यानें ट्रकची पूर्ण किंमत मोजली त्यास त्याचा एक भाग बदलण्यास दुसऱ्याची परवानगी लागावी, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. हा प्रश्न आमच्यापुरता नाहीं. भारताच्या स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार कंपन्यांस, सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें खुल्या बाजारांत येऊं न दिल्याबद्दल, एकूण अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. पुढें अपिलें झालीं व कांहींचा दंड कमी झाला. परंतु तत्त्व स्पष्ट झालें. २०२२ सालीं केंद्राच्या ग्राहक खात्यानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली, आणि मोटारी व शेतीचीं अवजारें हीं दोन्ही तिच्या कक्षेंत घातलीं. अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानानें शेतीयंत्रांच्या दुरुस्तीविषयीं २०२३ सालीं केलेला कायदा १ जानेवारी २०२४ पासून अंमलांत आला; जानेवारी २०२५ मध्यें तेथील व्यापार आयोगानें जॉन डिअर कंपनीवर याच कारणास्तव दावा दाखल केला. त्या कंपनीचा ट्रॅक्टरांचा कारखाना आमच्याच शिरूर तालुक्यांत सणसवाडीस आहे. तेव्हां हा वाद सातासमुद्रांपलीकडचा आहे असें म्हणण्यास जागा नाहीं.

कंपन्यांच्या बाजूनें दोन गोष्टी सांगण्यांत येतात. किल्ली सर्वांस दिली तर कोणीही धुराची मर्यादा मोडील व चोरांसही सोय होईल, असें त्यांचें म्हणणें आहे. हें अगदींच खोटें नाहीं. जोर वाढविण्याच्या लोभानें पेटींतील आंकडे फिरविणारे लोक आहेत, व त्यांस आमचा पाठिंबा नाहीं. परंतु त्यासाठीं कायदा आहे. आठ वर्षांवरील मालवाहू वाहनास दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, तेथें धूर तपासला जातो. कांहीं लबाडांच्या भयानें सर्व प्रामाणिक मालकांस दारांत तिष्ठत ठेवणें हा उपाय नव्हे. दोष वाचण्याची व मूळचीच आज्ञावली भरण्याची मुभा द्यावी, ती बदलण्याची देऊं नये, एवढा विवेक कायद्यास सहज करतां येईल.

तथापि कायद्याची वाट पाहत हात जोडून बसणें आम्हांस पसंत नाहीं. शिरूर व दौंड येथें सभासदांच्या वर्गणींतून एकेक चांगला स्कॅनर व मीटर घ्यावा. सभासदांच्या मुलांपैकीं, ज्यांस यंत्राची आवड आहे अशा दोघां-चौघांस तें काम शिकवून आणावें. प्रत्येक ट्रकमालकानें पेटीचा क्रमांक व नोझलांचे संकेतांक आजच वहींत टिपून ठेवावे. दोष लेखी मिळाल्याशिवाय पेटीचे पैसे देऊं नयेत, आणि काढलेला भाग परत घेतल्याशिवाय वर्कशॉप सोडूं नये. शिवाय दोन्ही तालुक्यांच्या सभांनीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं ठराव करून ग्राहक खात्याकडे पाठवावा.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम आला तेव्हां तो जमिनीस बाधतो अशी समजूत पुष्कळांची होती. ती लवकरच मावळली, कारण नांगर उपयोगी तर होताच, शिवाय त्याचा फाळ शेतकऱ्यास स्वतः बदलतां येत असे. नवें यंत्र आम्हांस नको आहे असें नाहीं. तें आमच्या हातांत राहावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. येत्या गळितापूर्वीं निदान स्कॅनर व वही या दोन गोष्टी जरी सिद्ध झाल्या, तरी रस्त्यांत सुकणारा पुष्कळ ऊस वेळेवर चरकांत पडेल.