बाथरूमची कडी बाहेरूनही उघडणारी हवी

ज्येष्ठांच्या घरातील सुरक्षेवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. न घसरणाऱ्या फरश्या, कमोडशेजारी धरायला दांडा, रात्रभर जळणारा छोटा दिवा, हे सगळं पटलं. बाथरूमच्या दाराबद्दल मात्र लेखात एकच ओळ आहे: ज्येष्ठांनी आतून कडी लावू नये. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

पंच्याहत्तरीची बाई, घरात मुलगा, सून, नातू, कामाला येणारी माणसं. तिने दार नुसतं लोटून अंघोळ करायची? ती करणार नाही. मुलासमोर ‘बरं’ म्हणेल आणि आत गेल्यावर कडी लावेल. जन्मभर जपलेला संकोच कुणाच्या सांगण्याने जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. म्हणून कडीच अशी हवी, की आतून नीट लागेल आणि वेळ आली तर बाहेरून उघडेल.

आपल्याकडच्या असंख्य फ्लॅटमध्ये बाथरूमला ॲल्युमिनियमचा टॉवर बोल्ट असतो. बिजागरीचे स्क्रू सैल झाले की दार खाली बसतं आणि बोल्ट भोकासमोर येत नाही. पावसाळ्यात लाकडी दार खालून फुगतं ते वेगळंच. मग बोल्ट रेटून लावायचा, रेटून काढायचा, अशी रोजची झटापट. संधिवाताने आखडलेल्या बोटांना एखाद्या दिवशी ते जमत नाही. गोल मुठीच्या लॉकची तऱ्हा निराळी. आतली स्प्रिंग तुटली की मूठ नुसती गरगर फिरते आणि जीभ चौकटीत अडकून राहते. बहुतेक वेळा दार आधी बरेच दिवस इशारा देत असतं. कडी दोनदा ओढावी लागते, दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. आपण ‘जरा उचलून लाव’ म्हणतो आणि वेळ मारून नेतो.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या हातात बोल्टची दांडी तुटून आली. घरात त्या एकट्या, मोबाइल हॉलमध्ये. शेजारी चावी होती, पण मुख्य दाराला आतून साखळी, त्यामुळे तिचा उपयोग शून्य. त्या तांब्या घेऊन पाण्याच्या पाइपवर आपटत राहिल्या. डक्टमधून आवाज खालच्या मजल्यावर गेला तेव्हा कुठे कळलं. अग्निशमन दलाचे जवान गॅलरीतून आत शिरले आणि त्यांनी दार तोडलं. काकू पडलेल्या नव्हत्या, शुद्धीवर होत्या, म्हणून निभावलं. पण आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडलेला असेल, तर बाहेरून ढकलणार कसं? ढकलावं तर त्यालाच लागणार. ओल्या फरशीवर तासन्‌तास पडून राहिलं की अंग गार पडतं, दबलेल्या स्नायूंना इजा होते आणि त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. हाड मोडलेलं नसलं, तरी जिवावर बेतू शकतं.

हार्डवेअरच्या दुकानात बाहेरून नाण्याने उघडणारं बाथरूम लॉक मागा. आतून मूठ, बाहेरून खाच. खाचेत नाणं किंवा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवलं की उघडतं. साधं लॉक काही शे रुपयांत मिळतं. ते बसवल्यावर जुना टॉवर बोल्ट काढून टाका. तो राहिला, तर हाताच्या सवयीने तोच लावला जाईल आणि नव्या लॉकवर केलेला खर्च फुकट जाईल. बेडरूमच्या दाराचंही तेच. एकट्या राहणाऱ्यांनी मुख्य दाराची साखळी अंघोळीला जाताना काढून ठेवावी आणि मोबाइल आत न्यावा.

दार बाहेर उघडावं, असा आग्रह धरला की सुतार सांगतो, पाणी बाहेर ठिबकेल. ठिबकेल, खरं आहे. ते पुसता येतं. पॅसेज अरुंद असेल तर सरकतं दार बसवा.

यात नवं काहीच नाही. सार्वत्रिक सुगम्यतेसाठी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सुगम्य स्वच्छतागृहाचं दार आतून बंद होणारं, पण संकटात बाहेरून उघडता येणारं असावं, असं म्हटलेलं आहे. महारेरानेही २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना निकष घालून दिले. पण आपले बहुसंख्य आईवडील खास प्रकल्पांत राहत नाहीत, ते तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायट्यांत राहतात.

त्यातल्या कित्येक सोसायट्या आज पुण्या-मुंबईत पुनर्विकासाला निघाल्या आहेत. बिल्डरशी करार करताना टाइल्स कोणत्या, नळ कोणत्या कंपनीचे, यावर बैठकांमागून बैठका होतात. त्याच यादीत एक ओळ घालून घ्या: प्रत्येक बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असेल आणि त्याचं लॉक बाहेरून उघडता येईल. करारावर सही होण्याआधी हे मागितलं तर मिळेल.

— एक ज्येष्ठ वाचक, पुणे